मोकळा हत्ती

यंदा नवतीचा पहिला घड ट्रकमध्ये गेला. भावाने सकाळी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी शाळेच्या घाईत डबा भरत होते. तो म्हणाला, "कटणी लागली आपल्या बागेची. पहिला घडही मालातच टाकला. मायनंच सांगितलं, टाकून दे म्हणून." आणि लगेच यंदा ट्रक वेळेवर येत नाहीत, मजूर मिळत नाहीत, हे नेहमीचं पुराण लावलं. मी हातात डब्याचं झाकण धरून उभी राहिले. आमच्या घरात मी जन्मल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

चैत्र-वैशाख म्हणजे आमच्याकडे केळीचे दिवस. तापी आटत आटत जाते, बऱ्हाणपूरला नदीतला दगडी हत्ती अंगभर उघडा पडतो आणि पोरं त्याच्या पाठीवर चढून बसतात. दुपारी लू सुटली की बागेतली पानं फाटून त्यांच्या चिंध्या होतात आणि दिवसभर कोणीतरी कापड फाडत बसल्यासारखा आवाज येत राहतो. घडांना ऊन लागू नये म्हणून त्यांच्यावर वाळलेली पानं बांधलेली असतात. पहाटेपासून कटणी. कापलेल्या खांबाचा तो ओला, कच्चा वास, खांद्यावर घड घेऊन बांधावरून चालणारे मजूर, त्यांच्या सदऱ्यांवर चिकाचे काळे डाग. हे डाग निघत नाहीत. माझ्या वर्गात निंबोल्याकडून, म्हणजे माझ्या माहेरगावाकडून, येणारी पोरं मी त्या डागांवरूनच ओळखते, कारण मीही तसेच डाग घेऊन शाळेत जात होते आणि शहरातल्या मुली नाक मुरडत होत्या.

लहानपणी या दिवसांची मी वाट पाहायचे. आता नाही पाहत. यंदा तर चैत्राची चाहूल लागली तसं तोंड कडू झालं, आणि त्यात पाडव्याच्या कडुलिंबाचा काही दोष नाही.

आधी त्या घडाचं सांगते. नवती म्हणजे नव्याने लावलेल्या बागेचं पहिलं पीक. त्याचा पहिला कापलेला घड आम्ही विकत नाही आणि घरी खातही नाही. तो हत्तीचा. पूर्वी चैत्रात इच्छापूरच्या देवीच्या जत्रेला साधूंचा एक जथा उत्तरेकडून चालत यायचा आणि त्यांच्याबरोबर एक हत्ती असायचा. आधी निंबोला लागायचं, मग बऱ्हाणपूर, मग इच्छापूर. निंबोल्याला वडाखाली त्यांचा मुक्काम पडायचा. ज्याच्या बागेची नवती तयार असेल त्याने पहिला घड हत्तीपुढे न्यायचा, अशी गावाची रीत होती. हत्तीने सोंडेने घड उचलला की बागेला वारा लागत नाही, असं म्हणायचे. वारा लागायचा तो लागायचाच. पण रीत होती.

माय लग्न होऊन निंबोल्याला आली त्याच वर्षी आमच्या बागेची नवती होती. सासूने घड तिच्या हातात दिला. नव्या सुनेचा मान. माय इच्छापूरची, जत्रेत तिने तो हत्ती लांबून पाहिलेला होता, रंगवलेलं कपाळ, झूल, घंटा. इतक्या जवळून तो पहिल्यांदाच. ती सांगते, घड उचलून धरला तेव्हा तिने डोळे मिटले, हात हलका झाला तेव्हा उघडले, तोवर हत्ती आडवा वळला होता आणि समोर त्याचा मागचा पाय होता. पायात साखळी. साखळीखाली कातडं सोलवटून लाल झालेलं, वर हळद थापलेली आणि हळदीवर माश्या. हत्ती केळी खात होता आणि एक पाय जमिनीला टेकवत नव्हता.

नव्या सुनेने बोलायचं नसतं. तरी तिने माहुताला विचारलंच, साखळी काढत नाही का म्हणून. तो म्हातारा माहूत हसला. "कहाँ जाएगा बेटी? ये तो बस्ती का है। जंगल में हाथी ऐसे ही घूमते हैं, बिना साँकल के। वो अलग।" मायने हे शब्द आम्हाला इतक्या वेळा सांगितलेत की ते मला तिच्याच आवाजात ऐकू येतात. "वो अलग" म्हणताना ती हात लांब करायची. जणू सातपुड्याच्या पलीकडे कुठेतरी ते आहेत.

पुढे बरीच वर्षं हत्ती येत राहिला, माय घड देत राहिली आणि दर वेळी त्याच्या पायाकडे पाहत राहिली. मग एका वर्षी साधू टेम्पोतून आले. हत्ती नव्हता. त्याचं काय झालं हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तेव्हापासून घड गावच्या गणपतीपुढे जाऊ लागला. देवळात आरती करून प्रसाद वाटायचे. माय मात्र प्रसाद घेत नसे. "तो त्याचा आहे," म्हणायची.

आणि तिचं एक वेड सुरू झालं. कोणी तिला विचारलं, माय, कुठं जायचंय? काशी? रामेश्वर? तर ती म्हणायची, "मले एकदा मोकळा हत्ती पाहायचा." लोक हसायचे. माझे वडील होते तोवर तेही हसायचे. म्हणायचे, "हिले देव नको, हत्ती पाहिजे." टीव्हीवर जंगलातले हत्ती लागले की भाऊ ओरडायचा, "माय, ये, तुझा पाहुणा आला." ती यायची, पाहायची आणि म्हणायची, "याचे पाय दाखवत नाहीत." कॅमेरा खरंच पाय दाखवत नसे. गवत असायचं, पाणी असायचं, नाहीतर जाहिरात लागायची. घरात याची इतकी थट्टा झाली की पुढे पुढे थट्टेची मजाही गेली. नुसतं एक वाक्य उरलं, सवयीचं. मी स्वतः त्याच्याकडे कधी नीट लक्ष दिलं असं म्हणवत नाही. लेकींना आईची वाक्यं पाठ असतात, ऐकू येत नाहीत.

निखिलला मात्र ते ऐकू आलं. निखिल भावाचा मुलगा, बंगळूरला नोकरीला आहे. गेल्या वर्षी पाडव्याला त्याने फोन केला आणि सांगून टाकलं, "आज्जी, सगळं बुक झालंय. तुला वाइल्ड एलिफंट दाखवतो. तू बस रेडी हो जा." म्हैसूरच्या पुढे एक जंगल आहे, तिथे उन्हाळ्यात पाणी आटलं की हत्ती तलावावर येतात. नाव मी लिहीत नाही, त्या जंगलाचा काही अपराध नाही. सफारी अर्ध्या दिवसाची. उघडी जीप, दुपारी आत जायचं, अंधार पडायच्या आत बाहेर. जिने इतकी वर्षं वाट पाहिली तिने हत्ती अर्ध्या दिवसात उरकून टाकायचा होता. पण तेव्हा मला असं काही सुचलं नाही. मला आनंद झाला होता. मनापासून झाला होता.

वहिनी आली नाही. कटणी चालू होती, आणि कटणी चालू असताना घरातल्या कुठल्यातरी बाईने मागे राहायचं असतं. माय, भाऊ आणि मी निघालो.

माय तयार झाली ती पाहण्यासारखी होती. नवं लुगडं नेसली नाही, म्हणाली, जनावर बुजेल. नवतीचा पहिला घड त्याच आठवड्यात कापला होता. त्यातली एक फणी तिने काढून घेतली, हिरवीगार, आणि बाकी घड गणपतीकडे पाठवला. ती फणी कुठे ठेवली की किती दिवसांत पिकेल याचा तिचा हिशोब पक्का होता. वाळलेल्या पानात गुंडाळली, वर जुन्या धोतराचं फडकं, वर पिशवी. भाऊ म्हणाला, "माय, तिकडं केळी मिळत नाही का?" ती म्हणाली, "पाहुण्याच्या घरी जाऊन त्याच्याच घरचं उचलून द्यायचं काय?" गाडीत तिने पिशवी वरच्या फळीवर ठेवू दिली नाही. मांडीवर ठेवली. बंगळूर येईपर्यंत फणीवर पिवळी झाक आली होती आणि सफारीच्या दिवशी ती अशी पिकली होती की आमची खोली तिच्या वासाने भरून गेली. मायचा हिशोब चुकला नाही.

जंगलाच्या फाटकावर जिपा रांगेने उभ्या होत्या. टोप्या, दुर्बिणी, पोरांच्या हातात वेफर्सचे पुडे. पहारेकऱ्याने एकेकाच्या पिशव्या तपासल्या. वेफर्स काढून घेतले. मग त्याने मायची पिशवी उघडली आणि मान हलवली.

"केला अंदर नहीं जाएगा, माँजी।"

मायला वाटलं, त्याला कळलं नाही. तिने समजावलं, "आम्हाला खायला नाही, बाप्पा. हाथी के लिए."

"हाथी को तो बिलकुल नहीं। केला खाके ही बिगड़ता है। फिर गाँव में आता है, बाग तोड़ता है।"

भाऊ पटकन म्हणाला, "बराबर बोलतो तो, माय." निखिल म्हणाला, "रूल है आज्जी, छोड़ ना." माय पिशवी सोडेना. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, तशी आमची गत झाली. इतका प्रवास झाला, इतकं सगळं जुळलं आणि आम्ही एका फणीपाशी अडलो. मागून जीपचा भोंगा वाजला. शेवटी मी तिच्या हातातून पिशवी काढली आणि पहारेकऱ्याच्या चौकीत टेबलावर ठेवली. पहारेकरी वाईट नव्हता. "वापसी में ले लेना," म्हणाला. जीपमध्ये बसल्यावर मायने आपले रिकामे हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला लाज वाटत होती. कोणाच्या दारी ती अशी कधी गेली नव्हती.

जीपमध्ये पुढच्या ओळीत कुठलंतरी नवरा-बायकोचं जोडपं होतं, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन. मधल्या ओळीत भाऊ आणि निखिल. मागे, जरा उंच बाकावर, माय आणि मी. जंगल म्हणजे मला वाटलं होतं काहीतरी काळोखं, दाट असेल. वैशाखात सगळं विरळ झालेलं होतं. सागाची पानं झडून पडलेली, त्यांच्यावरून जीप गेली की कुरकुर आवाज. बांबूची बेटं मोडलेली. चालक दर मोडक्या बांबूकडे बोट दाखवून "हाथी" म्हणायचा. शेण दाखवूनही "हाथी" म्हणायचा. धूळ इतकी की आमच्या पापण्या तांबड्या झाल्या. हरणं दिसली, मोर दिसला. माय कशाकडे पाहत नव्हती. ती झाडांच्या बुंध्यांमधून, जमिनीलगत पाहत होती.

जंगलाची एक बाजू गावांना लागून होती. तिथे खोल चर खणलेला आणि चरापलीकडे तारांचं कुंपण, वरून लोंबत्या तारा सोडलेल्या. चालक म्हणाला, सोलरचा झटका आहे, हत्ती शेतात जाऊ नये म्हणून. इथे आमच्या भावाची सफारी सुरू झाली. तोवर तो पेंगत होता. आता एकदम ताठ बसला. आमच्या बागेत रोही, म्हणजे नीलगायी, घुसतात, रानडुकरं घुसतात, त्यांच्यापायी बिचारा उन्हाळाभर रात्री जागतो.

"भय्या, गाडी जरा धीरे करो। ये तार लटकी हुई क्यूँ है?" त्याने विचारलं. चालकाने सांगितलं, हत्ती खांब पाडतो, म्हणून तारा वरून सोडल्या आहेत. "सही है," भाऊ म्हणाला आणि फोटो काढू लागला. खांबाचे, तारांचे, झटका सोडणाऱ्या डबीचे. मग निखिलला म्हणाला, "आपल्याकडे रोह्यासाठी हे चाललं पाहिजे." मला हसू आलं. मी मायकडे पाहिलं तर ती त्या तारांकडे पाहत होती आणि हसत नव्हती.

मग चालकाच्या हातातला वायरलेस बोलला. कन्नडमध्ये काहीतरी. चालकाने जीप अशी वळवली की आम्ही दोघी एकमेकींवर आदळलो. सगळ्या दिशांनी जिपा एकाच जागी धावत होत्या. बारशाला निघालेल्या बायकांची घाई परवडली. तलाव आला. तलाव कसला, तळाशी उरलेलं एक डबकं आणि भोवती भेगाळलेला चिखल. आणि त्या पाण्यात तो उभा होता.

मला दिसला तो क्षणभरच. कारण पुढचे चौघेही उठून उभे राहिले. कॅमेरा उठला, मोबाईल उठले, आणि आमच्यापुढे चार पाठींची भिंत झाली. माय डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली. तिला उभं राहता येत नाही, गुडघे गेलेत. भाऊ ओरडत होता, "माय, दिसला का? दिसला का? अरे, केवढा आहे!" आणि तिच्याच समोर उभा होता. निखिल तिच्यासाठी व्हिडिओ काढत होता. ती मागे बसली आहे आणि हत्ती समोर आहे, आणि हा पोरगा तिला नंतर दाखवायला व्हिडिओ काढतोय. माझ्या डोक्यात सणक गेली. मी वर्गात ओरडते तशी ओरडले, "बसा खाली! सगळे खाली बसा!" मराठीत ओरडले, पण जोडपंसुद्धा बसलं. चालकाने तोंडावर बोट ठेवलं. हत्तीने कान हलवले, पण गेला नाही.

तेव्हा मायला दिसला.

एकटा नर, मोठ्या सुळ्यांचा. दुपार कलली होती, उजेड आडवा झाला होता, आणि त्याच्या पाठीवरून पाणी निथळत होतं. मायने त्याच्या सुळ्यांकडे पाहिलं नाही. सोंडेकडे पाहिलं नाही. तो पाण्यातून सावकाश बाहेर येऊ लागला, एक एक पाय चिखलातून उपसत, आणि प्रत्येक पाय वर आला की मायचा हात माझ्या मनगटावर घट्ट होत होता. पुढचे पाय. मग मागचा एक. मग दुसरा. चिखलाने माखलेले, पण भरलेले, धड. कुठे वण नाही. तो चारही पाय टेकवून कोरड्या जमिनीवर उभा राहिला.

"पाय पाहा," ती कुजबुजली. "पाय पाहा व बाई. काहीच नाही पायात." तिच्या तोंडावर जे होतं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. एवढंच हवं होतं तिला, आणि ते मिळालं होतं, आणि आम्ही सगळे तिथे होतो. त्याच घटकेला जीप वळवून आम्ही परत फिरलो असतो तर मी हे असं लिहिलं नसतं.

हत्ती वळला. आमच्याकडे त्याची मान आली आणि मानेभोवती पट्टा होता. रुंद, जाड, मळका पिवळा. वर एक डबी बसवलेली, खाली काहीतरी जड लोंबत असलेलं. चिखल लागल्यामुळे मला आधी ती कातड्याची घडीच वाटली होती.

"हे काय गळ्यात?" मायने विचारलं.

निखिल वळला, उत्साहाने. "कॉलर आहे आज्जी. त्याचं लोकेशन कळतं त्यावरून. गावाकडे निघाला की मेसेज येतो, मग फटाके फोडून परत हाकलतात. मस्त सिस्टिम आहे."

"मंग हा पाळलेला आहे."

"नाही ग. वाइल्डच आहे. एकदम वाइल्ड."

"याले मालक नाही?"

"नाही ना."

"मंग पट्टा कोणाचा?"

निखिलने चालकाकडे पाहिलं. चालक मदतीला धावला. "ये बहुत बदमाश है, माँजी। केले के बाग साफ कर दिए इसने। सुई मार के बेहोश किया, तब पट्टा डाला।"

मायला हिंदी आमच्यापेक्षा चांगली कळते. "केळी खाल्ली म्हणून?" तिने विचारलं. कोणाला विचारलं कोण जाणे. भाऊ म्हणाला, "अवो माय, उभी बाग झोपवतो तो. आपल्या बागेत घुसला असता तर तूच लाकूड घेऊन धावली असतीस." हे खरं होतं. म्हणूनच ते त्या वेळी बोलायला नको होतं.

हत्तीने सोंडेने धूळ उचलून पाठीवर टाकली. थोडी त्या डबीवर पडली. मग तो झाडांत निघून गेला, आवाज न करता. इतकं मोठं जनावर इतकं मुकाट जातं याचं सगळ्यांना नवल वाटलं. पुढच्या बाईने टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर हत्तिणींचा कळप दिसला, पिल्लंही होती, पुन्हा जिपा जमल्या. निखिल म्हणाला, "आज्जी, बघ, यांना कॉलर नाहीये." माय म्हणाली, "हो." पण तिने मान वर केली नाही. पदराने डोळे टिपत होती. धूळ गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. धूळ गेली नव्हती.

फाटकावर पहारेकऱ्याने आठवणीने पिशवी परत दिली. "माँजी, आपका केला।" मायने हात पुढे केला नाही. भावाने घेतली. जेवणाला वेळ होता, भूक लागली होती, त्याने तिथेच एक केळ सोलून खाल्लं, निखिलनेही खाल्लं. "काय गोड पिकलीय," भाऊ म्हणाला. मला त्याचा इतका संताप आला की मी जीपच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. त्या संतापाला मला आजही नाव देता येत नाही. केळ तर होतं. त्याच्याच बागेचं होतं. आणि टाकून देण्यापेक्षा खाल्लं तर बिघडलं कुठे?

तेच तर माझं दुखणं आहे. या सगळ्यात राग धरायला कोणी सापडत नाही. त्या गावातल्या केळीवाल्याचा राग धरावा तर तो आमच्यासारखाच, लूच्या दिवसांत रात्री जागणारा. त्याच्या दारात हत्ती आला तर त्याने काय आरती ओवाळायची? पट्टा घालणारे म्हणतील, पट्टा आहे म्हणून तर हत्ती जिवंत आहे, नाहीतर कोणीतरी तारेत करंट सोडून मारला असता. तेही खोटं नाही. पहारेकरी नियमाचा, चालक पोटाचा, निखिल प्रेमाचा. आमच्याकडे जो नैवेद्य तो तिथे गुन्हा, आणि दोन्ही ठिकाणचे लोक शहाणे. मी शाळेत पोरांना निबंध घालते, 'माणूस आणि निसर्ग'. पोरं छान छान लिहितात. यंदा मी तो विषय घातला नाही.

आम्हा शिक्षकांच्याही हजेऱ्या आता मोबाईलवर लागतात. शाळेच्या फाटकाच्या आत पाय ठेवल्याशिवाय ती लागत नाही, कुठे उभी आहे ते वर कळतं. रोज सकाळी मी मोबाईल उंच धरून उभी राहते आणि तो पिवळा पट्टा डोळ्यांपुढे येतो. मला सवय झाली. त्यालाही झाली असेल. सवयीचीच तर चीड येते.

परत आल्यावर निंबोल्याच्या बायका मायला भेटायला आल्या. कसा होता? केवढा होता? माय म्हणाली, मोठा होता. कान हलवत होता. अंगावर धूळ घेत होता. कोणीतरी विचारलं, "आणि पाय?" कारण गावाला तिचं वेड ठाऊक होतं. ती म्हणाली, "पाय चांगले होते." पट्ट्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मला वाटलं, बाईचं समाधान झालंय, आपणच उगाच मनाला लावून घेतलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला. तिने हत्तीचं नाव पुन्हा घेतलं नाही. टीव्हीवर हत्ती लागला तर उठून आत जायची. आणि मग या चैत्रात घड ट्रकमध्ये गेला.

गेल्या रविवारी मी निंबोल्याला गेले. माय ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. भाऊ आंघोळ करून आला होता. तेवढ्यात निखिलचा व्हिडिओ कॉल आला. पोरगा हाडाचा चांगला आहे. वर्षभर त्याच्या मनात ते राहिलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. भावाने फोन मायपुढे धरला.

"आज्जी, ऐक ना. मी पूर्ण रिसर्च केलाय. आसामकडे एक जंगल आहे, तिथे कळपच्या कळप असतात, कुणालाच पट्टा नाही. मी विचारून कन्फर्म केलंय. फ्लाइटने नेतो तुला. या वेळी पक्का मोकळा हत्ती. प्रॉमिस."

मायने चिंचेतला चिंचोका काढून बाजूला ठेवला. फोनकडे पाहिलं.

"मले आता काही दाखवू नको रे बाबा."

"अगं पण आज्जी, तिथे खरंच—"

"असतील. मी नाही म्हणत नाही. तुम्ही माझ्यासाठी केलं, मले समजतं. पण नेलं नसतं तर बरं होतं." ती हे रागाने बोलत नव्हती. घरातलं एखादं भांडं फुटल्याचं सांगावं तसं सांगत होती. "इतकी वर्षं कुठंतरी एक मोकळा आहे, येवढं होतं माझ्याजवळ. मी घड द्यायची तो त्यालेच. ते तुम्ही दाखवून घालवलं."

भावाने फोन आपल्याकडे वळवला आणि म्हणाला, "नेटवर्क गेलं वाटतं."

नेटवर्क गेलं नव्हतं. त्याच्या खांद्यावरून मला निखिलचा चेहरा स्वच्छ दिसत होता.